हुद्दा, वेतन आणि अदल

पोलीस दलात, अग्निशमन दलात किंवा गृहरक्षक दलात काम करणारा एखादा आप्त आज आपल्यापैकी अनेकांच्या घरात असतो. भल्या पहाटे मैदानावर भरतीसाठी धावण्याचा सराव करणारी मुले, आणि आता मुलीही, आपल्या मोहल्ल्यांतून दिसू लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. अशा घरांत एक तक्रार वेळोवेळी ऐकू येते. ती दोन तोंडांनी बोलते. नव्याने रुजू झालेला उपनिरीक्षक म्हणतो, ज्याला मी आदेश देतो तो हवालदार माझ्यापेक्षा जास्त पगार घेतो. मग या हुद्द्याला अर्थ काय? हवालदार म्हणतो, बंदोबस्तात रात्रभर पायांवर उभा मी असतो आणि साहेबांच्या पगाराचा आकडा मोठा, हा कुठला न्याय? दोघेही अन्याय हाच शब्द वापरतात. दोघेही मुसलमान असू शकतात, दोघेही नमाजी असू शकतात. म्हणून हा प्रश्न वेतन आयोगावर सोडून आपल्याला मोकळे होता येत नाही. जो इतरांवर देखरेख ठेवतो त्याला, केवळ देखरेख ठेवतो म्हणून, त्यांच्यापेक्षा जास्त मोबदला मिळण्याचा नैतिक हक्क आहे काय? आणि तो मिळाला नाही तर त्याच्यावर जुलूम झाला असे शरीअतच्या दृष्टीने म्हणता येईल काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. महाराष्ट्रात सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यानुसार पोलीस शिपायाचे मूळ वेतन 21,700 रुपयांपासून सुरू होते आणि पोलीस उपनिरीक्षकाचे 38,600 रुपयांपासून. म्हणजे नोकरीच्या पहिल्या दिवशी फौजदाराचे मूळ वेतन शिपायाच्या पावणेदोन पटींहून थोडे अधिक असते. परंतु दरवर्षी सुमारे तीन टक्के वेतनवाढ मिळते. केवळ तिच्या जोरावर वीस वर्षे सेवा झालेल्या शिपायाचे मूळ वेतन नव्या फौजदाराच्या पुढे निघून जाते. त्याखेरीज दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी आश्वासित प्रगती योजनेची वाढ वेगळीच. त्यामुळे पंचवीस वर्षांचा तरुण फौजदार आणि पन्नाशीकडे झुकलेला हवालदार एकाच ठाण्यात बसतात, आदेश तरुणाचा चालतो आणि पगार प्रौढाचा जास्त असतो. यात कोणाची लबाडी नाही. वेतनश्रेणीची रचनाच तशी आहे.

अमेरिकेत हाच पेच वेगळ्या वाटेने निर्माण झाला. तेथे 1938 च्या श्रमकायद्याने ठरावीक तासांपलीकडच्या कामाला दीडपट मोबदला देण्याचे बंधन घातले आणि 1985 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा नगरपालिका व राज्यांच्या नोकरांनाही लागू असल्याचा निर्णय दिला. अग्निशमन दलासाठी अठ्ठावीस दिवसांत 212 तास आणि पोलिसांसाठी 171 तास अशी मर्यादा नियमांत आहे. तिच्यापुढचा प्रत्येक तास दीडपट. मात्र हा लाभ वरिष्ठ व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांना नाही, कारण कायदा त्यांना तासांवर मोजत नाही. परिणाम उघड आहे. मोठी आग लागली, पूर आला, दंगल झाली की शिपाई आणि त्यांचे लगतचे नायक जादा तासांचे पैसे घेतात, आणि त्या सर्वांना कामाला लावणारा अधिकारी तितकेच तास जागून ठरलेल्या पगारावर राहतो. वर्षअखेरीस हिशोब केला तर हाताखालचा मनुष्य वरचढ ठरतो. मग अधिकाऱ्यांच्या संघटना मागणी करतात की आमचा पगार हाताखालच्या हुद्द्यापेक्षा अमुक टक्के जास्त असलाच पाहिजे, हे करारात लिहून द्या.

आपल्याकडे जादा तासांचा असा कायदा पोलिसांना नाही. उलट 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 28 प्रमाणे पोलीस हा सदैव कर्तव्यावर आहे असेच मानले जाते. 2016 मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा ती बातमी ठरली, यावरूनच आठ तास ही किती दुर्मिळ वस्तू आहे ते कळावे.

आता दीनच्या प्रकाशात पाहू.

हुकूम देणारा हा संपत्तीनेही वरचढ असलाच पाहिजे, ही समजूत फार जुनी आहे आणि दिव्य कुरआनने तिची दखल घेतलेली आहे. सूरह बकराच्या 247 व्या आयतीत बनी इस्राईलची हकीकत येते. तालूत यांना राजा नेमण्यात आले तेव्हा लोकांचा आक्षेप हाच होता की याच्याकडे तर धनाची विपुलता नाही, हा आमच्यावर राज्य कसा करील? त्यांच्या नबींनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की अल्लाहने त्यांना निवडले आहे आणि ज्ञानात व शरीरबलात त्यांना विस्तार दिला आहे. लक्षात घ्या, तालूत यांना आधी श्रीमंत करून मग नेतृत्व देण्यात आले नाही. आक्षेप पूर्ण करून त्याचे निरसन झाले नाही. आक्षेपाचा पायाच नाकारला गेला. माझ्यापेक्षा कमी मिळवणाऱ्याचा हुकूम मी का मानू, असे म्हणणाऱ्या हवालदाराला आणि माझ्यापेक्षा जास्त मिळवणाऱ्याला मी हुकूम कसा देऊ, असे म्हणणाऱ्या फौजदाराला, दोघांनाही ही आयत एकाच वेळी लागू पडते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील उदाहरणे याहून स्पष्ट आहेत. जातुस्सलासिलच्या मोहिमेत हजरत अम्र बिन आस (रजि.) हे सेनापती होते आणि हजरत अबू बक्र (रजि.) व हजरत उमर (रजि.) त्यांच्या हाताखाली होते. हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांना विशीच्या आतबाहेरच्या वयात लष्कराचे नेतृत्व मिळाले, तेव्हा ज्येष्ठ सहाबा त्या लष्करात साधे सैनिक होते. युद्धात मिळालेल्या संपत्तीच्या वाटणीचा नियम तर आपल्या विषयाच्या अगदी मर्माला भिडतो. पाचवा हिस्सा वेगळा काढल्यावर उरलेल्या चार हिश्श्यांत सेनानायकाचा वाटा साध्या सैनिकाइतकाच. फरक होता तो पायदळ आणि घोडेस्वार यांच्यात. बहुसंख्य इमामांच्या मते घोडेस्वाराला तीन वाटे, इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते दोन, जनावराला माणसापेक्षा जास्त देणे त्यांना रुचत नव्हते. हा मतभेद सविस्तर आहे, पण त्याचा गाभा पाहा. जादा वाटा मिळतो तो घोड्याचा खर्च आणि घोड्याची उपयुक्तता यांसाठी. नायकपदासाठी, केवळ ते पद आहे म्हणून, जादा वाटा नाही.

येथे काही वाचक म्हणतील, तर मग निकाल लागला. सर्वांना सारखे द्या. परंतु इतक्या घाईने निकाल देता येत नाही. कारण त्याच परंपरेत दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे.

इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी खलीफा हारून रशीद यांच्यासाठी लिहिलेल्या किताबुल खराज या ग्रंथात हजरत उमर (रजि.) यांच्या दीवानची, म्हणजे वेतननोंदवहीची, माहिती दिलेली आहे. त्यात लष्करांच्या आणि वस्त्यांच्या अमीरांना सात, आठ किंवा नऊ हजार दिरहमपर्यंत वेतन ठरविल्याची नोंद आहे, आणि त्याचे कारणही सांगितले आहे: त्यांच्या अन्नपाण्याला जे पुरेल आणि ते जी कामे पार पाडतात त्यांच्या मानाने. बद्रच्या लढाईत सहभागी झालेल्यांचे वेतन पाच हजार होते असे जे सांगितले जाते, त्याच्याशी तुलना केली म्हणजे अमीरांना जास्त मिळत होते हे दिसते. पण किती जास्त? दुपटीच्या आत.

त्याच ग्रंथातील दुसरी रिवायत मला यापेक्षाही बोलकी वाटते. कूफा येथे हजरत उमर (रजि.) यांनी तीन जणांना पाठविले. हजरत अम्मार बिन यासिर (रजि.) यांच्याकडे नमाज आणि लष्कर, हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडे न्यायदान आणि बैतुलमाल, हजरत उस्मान बिन हुनैफ (रजि.) यांच्याकडे जमिनीची मोजणी. तिघांसाठी मिळून रोज एक बकरी ठरली. अर्धी अम्मार (रजि.) यांना, पाव अब्दुल्लाह (रजि.) यांना आणि पाव उस्मान (रजि.) यांना. मग त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा की या संपत्तीच्या बाबतीत मी आणि तुम्ही अनाथाच्या पालकासारखे आहोत; ज्याला गरज नाही त्याने हात आवरावा, ज्याला गरज आहे त्याने रीतीप्रमाणे घ्यावे. सूरह निसाच्या सहाव्या आयतीतील अनाथाच्या मालाचा नियम त्यांनी सरकारी तिजोरीला लावला. आणि पुढे अशी काळजीही बोलून दाखविली की ज्या प्रदेशातून रोज एक बकरी उचलली जाते त्याची लवकरच दैना व्हायची. एक बकरी! आज ज्या बैठकांत केवळ चहा-नाश्त्यावर याहून अधिक खर्च होतो, त्यांची आठवण येथे अपरिहार्यपणे होते.

तर अमीराला दुप्पट देण्यात आले. ते का, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सुभेदाराकडे लोक येतात, त्याच्या दारात पाहुणे असतात, त्याला जेवू घालावे लागते. त्याचे घर हेच कचेरी असते. अम्मार (रजि.) हे अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्यापेक्षा दीनमध्ये दुप्पट श्रेष्ठ होते असे कोणीही म्हटले नाही. पाचव्या हिजरी शतकातील शाफई फकीह इमाम मावर्दी (रह.) यांनी अल-अहकामुस सुल्तानिया या ग्रंथात सैनिकांच्या वेतनाचे माप सांगताना ते पुरेसेपणावर, किफायतीवर, आधारलेले असावे असे लिहून तीन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे किती, त्याला बाळगावी लागणारी घोडी व जनावरे किती, आणि तो जेथे राहतो तेथील महागाई किती. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या मापात घरभाडे भत्ता आणि महागाई भत्ता दोन्ही येतात. मानाचा भत्ता मात्र त्यात नाही.

अधिकाऱ्याला पुरेसे द्यावे याचे आणखी एक कारण आपल्या सलफांनी ओळखले होते. हजरत उमर (रजि.) यांनी सहाबांना सरकारी कामावर नेमण्यास सुरुवात केली तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी हरकत घेतली की आपण रसूलुल्लाह (स.) यांच्या साथीदारांना दुनियेच्या कामात गुंतवून मलिन करीत आहात. उमर (रजि.) यांनी विचारले, दीनदारांची मदत घेऊ नये तर कोणाची घ्यावी? तेव्हा अबू उबैदा (रजि.) यांनी सल्ला दिला की मग त्यांना इतके वेतन द्या की खयानतीकडे वळण्याची त्यांना गरजच पडू नये. हा सल्ला आजही जसाच्या तसा खरा आहे. एखाद्या अनुभवी, प्रामाणिक हवालदाराने खात्याची परीक्षा देऊन अधिकारी व्हायचे ठरविले आणि त्या बढतीने त्याची जबाबदारी दुप्पट झाली, बदली दूर झाली, मुलांची शाळा तुटली, आणि हाती येणारी रक्कम मात्र पूर्वीइतकीच राहिली किंवा घटली, तर प्रामाणिक मनुष्य ती बढती नाकारील. नाकारणार नाही तो, ज्याची नजर पगारावर नसून पगाराबाहेरच्या मिळकतीवर आहे. अशी व्यवस्था नकळत भ्रष्ट माणसांची निवड करीत राहते. हदीसमध्ये नेमून दिलेल्या वेतनापलीकडे अधिकाऱ्याने जे घेतले त्याला गुलूल, म्हणजे सार्वजनिक मालातील चोरी, म्हटले आहे. दुसऱ्या एका हदीसमध्ये अशीही मुभा आहे की सरकारी कामावर असलेल्याला पत्नी नसेल तर त्याने लग्नाची सोय करून घ्यावी, सेवक नसेल तर सेवकाची, घर नसेल तर घराची. निषेध आणि पुरवठा एकत्रच आले आहेत. आपण व्यासपीठांवरून निषेध तेवढा ऐकवतो.

मग फौजदाराच्या तक्रारीचे काय? माझे मत असे आहे की तिच्यात दोन वेगवेगळ्या मागण्या मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय न्याय करता येत नाही. तो जर म्हणत असेल की रात्रीचे फोन मला येतात, चूक शिपायाची झाली तरी चौकशी माझी होते, सोळा तास उभा मीही असतो आणि अधिकारी म्हणून त्या तासांची मोजणी होत नाही, तर त्याची मागणी कामाच्या मोबदल्याची आहे. ती रास्त आहे. लोकांना त्यांच्या वस्तू कमी मोजून देऊ नका, ही हजरत शुऐब (अ.) यांनी आपल्या कौमला दिलेली ताकीद कुरआनात एकापेक्षा अधिक ठिकाणी आली आहे, आणि श्रम हीदेखील मोजून द्यायची वस्तू आहे. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्यापूर्वी देण्याचा प्रेषितांचा आदेश सर्वांना पाठ असतो. त्यात घाम गणवेशावरील ताऱ्यांप्रमाणे मोजा असे सांगितलेले नाही. शिपायाचा जादा तास हा जादा तास आणि साहेबांचा जादा तास म्हणजे कर्तव्य, हा भेद टिकणारा नाही.

परंतु तो जर म्हणत असेल की हवालदाराला माझ्यापेक्षा जास्त मिळते याचाच मला त्रास होतो, माझी इज्जत त्यात जाते, तर ही मागणी मानाची आहे. तिला शरीअतमध्ये आधार सापडत नाही. सूरह निसाच्या 32 व्या आयतीत अल्लाहने कोणाला दुसऱ्यापेक्षा जे अधिक दिले आहे त्याची हाव धरण्यास मनाई आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कमाईचा हिस्सा असल्याचे सांगितले आहे. त्या हवालदाराने वीस मोहरम, वीस गणेशोत्सव, वीस निवडणुका रस्त्यावर काढल्या आहेत. त्याची ती कमाई आहे. नव्या फौजदाराची ती अजून झालेली नाही; वीस वर्षांनी त्याचीही होईल.

या मानाच्या प्रश्नावर इस्लामच्या पहिल्याच पिढीत चर्चा झाली होती. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी आलेला माल सर्वांना समान वाटला, तेव्हा ज्यांनी आधी इस्लाम स्वीकारला, ज्यांनी हिजरत केली, त्यांना जास्त द्यावे असे सुचविण्यात आले. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की त्या श्रेष्ठतेचा मोबदला अल्लाहकडे आहे. हा तर उदरनिर्वाह आहे, आणि यात समानता अधिक बरी. हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या काळात श्रेणी पाडल्या. तथापि त्या श्रेणी त्यांनी स्वतःच्या घरच्यांना महाग पडतील अशाच पाडल्या. आपल्या मुलाला, हजरत अब्दुल्लाह (रजि.) यांना, त्यांनी आद्य मुहाजिरांच्या चार हजारांऐवजी साडेतीन हजार ठरविले, कारण त्याला हिजरतीत आईवडिलांनी आणले होते, तो स्वतःच्या बळावर आला नव्हता. आणि आयुष्याच्या शेवटी त्यांनी इच्छा व्यक्त केली होती की पुढच्या वर्षापर्यंत जगलो तर मागच्या लोकांना पुढच्यांच्या बरोबरीला आणीन. ते वर्ष त्यांना लाभले नाही; 23 हिजरीत ते शहीद झाले. हजरत अली (रजि.) यांनी पुन्हा समान वाटणीचा मार्ग धरला. इमाम मावर्दी (रह.) लिहितात की इमाम शाफई आणि इमाम मालिक (रह.) यांनी समानतेचे मत घेतले, तर इमाम अबू हनीफा (रह.) आणि इराकच्या फकीहांनी श्रेणींचे. म्हणजे कोकणातील आपले शाफई बांधव आणि देशावरचे, मराठवाड्याचे व विदर्भाचे हनफी बांधव यांच्यात हा मतभेद वारशानेच आलेला आहे. त्यावर वाद घालण्याची मुळीच गरज नाही. दोन्ही बाजूंच्या इमामांनी श्रेष्ठ-कनिष्ठतेचा विचार करताना केलेले कार्य पाहिले, खुर्ची पाहिली नाही, हे मात्र दोघांनीही ध्यानात ठेवावे.

स्वतः राज्यप्रमुखाचे वेतन किती होते? खिलाफत स्वीकारल्यावर अबू बक्र (रजि.) यांनी सांगितले की माझा व्यापार माझ्या कुटुंबाला पुरत होता हे माझ्या कौमला ठाऊक आहे, आता मी मुसलमानांच्या कामात गुंतलो आहे, तर माझे कुटुंब या मालातून खाईल. रिवायत आहे की अबू उबैदा (रजि.) यांनी त्यांच्यासाठी मुहाजिरांपैकी मध्यम स्थितीतील एका माणसाचे अन्न, ना सर्वांत वरच्याचे ना सर्वांत खालच्याचे, आणि हिवाळ्या-उन्हाळ्याचे कपडे ठरविले. सर्वोच्च देखरेख करणाऱ्याचे वेतन देखरेखीखालच्या सरासरी माणसाइतके.

धोक्याचा विचार केला तर हा हिशोब आणखी गंभीर होतो. सार्वजनिक सुरक्षेची नोकरी इतर कचेऱ्यांसारखी नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत सहपोलीस आयुक्त हेमंत करकरे, अपर आयुक्त अशोक कामटे आणि निरीक्षक विजय साळसकर मारले गेले, आणि त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी नि:शस्त्र अवस्थेत कसाबची बंदूक धरून ठेवली व प्राण दिले. चौघांच्या पगारांत मोठे अंतर होते. चौघांनाही मरणोत्तर अशोकचक्र एकच मिळाले. मे 2015 मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीने मुंबई अग्निशमन दलाचे चार जण हिरावले, आणि ते चारही अधिकारी होते. त्यांत दलप्रमुख सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन हेही होते. अधिकारी मागे राहून हुकूम देतो हे सरसकट खरे नाही, एवढे या आगीने दाखविले. उलट 14 एप्रिल 1944 च्या मुंबई गोदीतील स्फोटात दलाचे 66 जवान गेले, त्यांच्या स्मृतीसाठी आजही अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. आग हुद्दा विचारत नाही. म्हणून धोक्याचा भत्ता द्यायचा तर तो धोक्यात उतरणाऱ्या सर्वांना समान असावा, मूळ पगाराच्या टक्केवारीने नव्हे, असे मला वाटते. एकाच धुरात गुदमरणाऱ्या दोघांच्या जिवाची किंमत वेगळी लावण्याचे कारण मला तरी सापडत नाही.

आतापर्यंत आपण वरच्या दोन पायऱ्यांचेच बोललो. खरा जुलूम बहुधा त्यांच्याही खाली असतो. गृहरक्षक दलाचा जवान पोलिसाच्या शेजारी, त्याच चौकात, तीच काठी घेऊन उभा असतो. त्याला वेतन नाही, कामाच्या दिवसाचा भत्ता तेवढा. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की गृहरक्षकांना दिला जाणारा भत्ता तीस दिवसांचा धरला तर तो त्या राज्यातील पोलिसाच्या किमान वेतनाइतका भरला पाहिजे. त्याआधी 1982 मध्ये दिल्ली पोलिसांतील एका चालक शिपायाने, इतर खात्यांतील चालकांना मिळते तेवढे मला का नाही, असे विचारले आणि त्याच खटल्यात समान कामाला समान वेतन हे तत्त्व न्यायालयाने राज्यघटनेच्या आधारे मान्य केले. एका शिपायाच्या अर्जाने हे घडले, फौजदाराच्या नव्हे. फौजदार आणि हवालदार आपापल्या अंतरासाठी भांडत असताना दोघेही ज्याच्याकडे पाहत नाहीत तो हा कंत्राटी, हंगामी, रोजंदार मनुष्य. त्याच्या बाबतीत देखरेख करणाऱ्याचे एक कर्तव्य विशेष आहे, कारण हजेरी त्याच्या सहीने लागते. प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला त्याच्या राखणीतील लोकांबद्दल विचारले जाईल, ही हदीस सर्वांना माहीत आहे. पगाराच्या तक्त्यात जागा नसली तरी ही राखण अधिकाऱ्याच्या कामाचाच भाग आहे.

शिस्तीचा आक्षेप राहिला. जास्त मिळवणारा कमी मिळवणाऱ्याचे ऐकणार नाही, असे म्हणतात. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांना सीरियाच्या आघाडीवर सेनापतिपदावरून दूर करून अबू उबैदा (रजि.) यांना नेमण्यात आले, तेव्हा खालिद (रजि.) यांची कीर्ती अधिक होती, विजय अधिक होते. ते त्याच लष्करात हाताखाली लढत राहिले. आज्ञापालन पगाराच्या फरकाने विकत घेता येते ही कल्पनाच कच्ची आहे. ज्या ठाण्यात साहेब जवानाच्या आजारी मुलाची विचारपूस करतो आणि सुट्टीचा अर्ज दाबून ठेवत नाही, तेथे पगाराच्या आकड्यांची चर्चा कमी होते, हे पोलीस कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांना मी सांगायला नको.

आणि हा विषय पोलिसांपुरता ठेवून आपण सुटका करून घेऊ नये. आपल्या मशिदींच्या, मदरशांच्या आणि शाळांच्या विश्वस्त मंडळांतही देखरेख करणारे आणि राबणारे असतात. व्यवस्थापक असतो, इमाम साहेब असतात, मुअज्जिन असतात, झाडलोट करणारा आणि रात्री पहारा देणारा असतो. या प्रत्येकाला काय मिळते, ते त्याच्या कुटुंबाला पुरते काय, त्याला राहायला खोली आहे काय, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? इमाम मावर्दी (रह.) यांची तीन मापे, अवलंबून असलेली माणसे, कामाला लागणारा खर्च आणि गावची महागाई, घेऊन ही यादी एकदा वाचावी. व्यवस्थापकाला जास्त दिले जात असेल तर ते कोणत्या कामासाठी, हे विचारावे. कारण चांगले असेल तर ते मान्य करावे. रात्रीच्या पहारेकऱ्याला किमान वेतनाच्या दराइतके तरी मिळते की नाही, हेही पाहावे. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत वेतनाचा विषय सहसा नसतो. तो घ्यायचा असेल तर सभासदाने सभेपूर्वी लेखी पत्र द्यावे लागते, आणि पत्रावर आणखी दोघा-तिघांच्या सह्या असल्या तर ते बाजूला ठेवणे मंडळाला अवघड जाते.